छप्पर उडालं, आता दारात ठेकेदार
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

कोकणातली अलीकडची दोन्ही मोठी वादळं ऐन शाकारणीच्या, म्हणजे पावसाआधी छप्पर नीट करायच्या दिवसांत आली. ‘निसर्ग’ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा मृग चार-पाच दिवसांवर आला होता. ‘तौक्ते’ १६ मे २०२१ला सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्यालगतून वर सरकलं, तेव्हा पावसाला जेमतेम तीन आठवडे उरले होते. उघडं घर आणि तोंडावर आलेला पाऊस या कात्रीत माणूस समोर येईल त्या कागदावर सही करतो. लबाड ठेकेदाराचं भांडवल ही घाईच असते. म्हणून पुढच्या उत्तरांचा भर घाई टाळून तपासून घेण्यावर आहे.

प्रश्न : वादळात एका पाख्याची (छपराच्या एका उतरत्या बाजूची) जवळपास सगळी कौलं गेली. दुसऱ्याच दिवशी टेम्पो घेऊन दोघं अनोळखी आले. ‘आज निम्मे पैसे द्या, उद्या काम सुरू. परवापासून कौलाचा भाव दुप्पट होईल,’ म्हणतात. गावातला सुतार दहा दिवस मोकळा नाही. काय करावं? (दापोली तालुका)

त्यांना आज पैसे देऊ नका. आधी ताडपत्री आणा. घर आठ-दहा दिवस झाकलेलं राहिलं की त्यांच्या बोलण्यातला जोरच संपतो.

बाजारातली स्वस्त पातळ निळी ताडपत्री पहिल्या वाऱ्यात फाटते. निदान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) घ्या, २५० मिळाली तर उत्तम. ती आढ्यावरून, म्हणजे छपराच्या माथ्यावरून, पलीकडच्या पाख्यावर चार फूट तरी उतरली पाहिजे. आढ्यावरच संपवली तर वारा नेमका तिथून आत शिरतो. खालची कड वळचणीच्या (छपराच्या खालच्या कडेच्या) रिपेभोवती, म्हणजे आडव्या लाकडी पट्टीभोवती, गुंडाळा आणि वरून पट्टी ठोका. नुसत्या दोरीवर भरवसा ठेवलात तर कडीच्या भोकापासून फाटायला सुरुवात होते. ताडपत्रीचं बिल जपून ठेवा. विमा असेल तर ते लागेल. झाकण्यापूर्वी घराचे चारी बाजूंनी, आतून आणि छपराचे जवळून फोटो काढा. पडलेली कौलं, मोडलेले वासे पंचनामा होईपर्यंत अंगणातून हलवू नका.

मग मोजमाप. हे काम तुमचं तुम्ही करा, कारण फसवणुकीची पहिली जागा तीच. समजा घर ३० बाय २० फूट आहे आणि पागोळ्या (छपराच्या भिंतीपुढे आलेल्या कडा) चारी बाजूंनी दोन-दोन फूट बाहेर आहेत. म्हणजे वरून पाहिलं तर छप्पर ३४ बाय २४, एकूण ८१६ चौरस फूट. छपराला साधारण ३० अंशांचा उतार असतो, म्हणून त्याला १.१५ने गुणा. उत्तर येतं ९४० चौरस फूट, म्हणजे साडेनऊ ब्रासच्या आत (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट). मंगलोरी कौलं चौरस मीटरला १५ लागतात, म्हणजे ब्रासला १४०. तुमच्या साडेनऊ ब्रासला १,३३०, मोडतोड धरून १,४५०. एकच पाखं गेलं असेल तर याच्या निम्मी. अंगणातली धड कौलं शंभर-शंभरच्या चळतीत रचून मोजा आणि या आकड्यातून वजा करा. ठेकेदार याच घराला ‘बारा ब्रास होईल’ म्हणाला, तर दर कितीही कमी सांगू दे, काम महागच पडणार आहे.

आता त्या दोघांविषयी. आधार कार्डाचा फोटो घ्या, टेम्पोचा नंबर टिपून ठेवा आणि गेल्या वर्षभरात केलेल्या दोन घरांचे पत्ते मागा. ती घरं जवळ असली तर स्वतः जाऊन पाहा, लांब असली तर घरमालकाला फोन लावा. खरं काम करणाऱ्याला याचा राग येत नाही. यूपीआयवर पैसे देताना खातेदाराचं नाव दिसतं. ते कागदावरच्या नावाशी जुळत नसेल तर थांबा.

कौलाचे भाव वादळानंतर खरंच चढतात, त्यात ते खोटं बोलत नाहीत. पण त्यावर उपाय ठेकेदाराला उचल देणं हा नव्हे. कौलं तुम्ही स्वतः दुकानातून, तुमच्या नावाच्या बिलावर घ्या. एक कौल बोटाच्या पेराने वाजवा. नीट भाजलेलं खणखणतं, कच्चं बद्द वाजतं. आणखी खात्री हवी तर एक कौल कोरडं तोला, रात्रंदिवस पाण्यात ठेवा आणि परत तोला. अडीच किलोचं कौल तीन किलोच्या वर गेलं तर तो माल परत करा. तो पाणी पितो, पहिल्याच पावसात वासे ओले करील.

आणि सुताराची दहा दिवस वाट पाहणं तुम्हाला वाटतं तितकं वाईट नाही. ओळखीच्या माणसाला पुढच्या वर्षीही त्याच गावात राहायचं असतं.

प्रश्न : कौलं काढून पत्रे घालायचे ठरवलं. दोन कोटेशनं आली. दोघांनीही ‘०.५० एमएम कलर कोटेड पत्रा, एमएस पाइपचा सांगाडा’ असंच लिहिलंय (एमएस म्हणजे माइल्ड स्टील, साधं पोलाद), पण भावात तिसऱ्या हिश्श्याचा फरक आहे. स्वस्त घेतलं तर काय बिघडतं? (श्रीवर्धन)

बहुतेक वेळा ०.५० लिहून ०.३५चा पत्रा येतो. हाताला फरक कळत नाही, कारण पन्हळ पाडली की पातळ पत्राही ताठ लागतो. वजन मात्र खोटं बोलत नाही.

गणित सोपं आहे. पत्र्याची सपाट रुंदी मीटरमध्ये, गुणिले लांबी मीटरमध्ये, गुणिले जाडी मिलिमीटरमध्ये, गुणिले ७.८५. उत्तर किलोत येतं. सपाट रुंदी मोजायला दोरी पन्हळीवरून चढत-उतरत या कडेपासून त्या कडेपर्यंत लावा आणि मग ती दोरी टेपवर धरा. ती बहुधा १.२२ मीटर भरते. दहा फुटी, म्हणजे ३.०५ मीटरच्या पत्र्याला ०.५० जाडीने १४.६ किलो येतात. सांगितलेल्या जाडीत रंगाचा थर धरलेला असतो आणि रंग लोखंडापेक्षा हलका, म्हणून दहा टक्के कमी भरलं तर चालेल. म्हणजे काट्यावर १३ किलोच्या पुढे दिसलं पाहिजे. ०.३५चा पत्रा नऊ-साडेनऊच भरतो. काजू बी घेणाऱ्याकडचा काटा तासाभरासाठी आणलात तरी काम भागतं.

तोलताना चळतीतले वरचे पत्रे घेऊ नका. नमुन्याचे तीन-चार जाड पत्रे वर आणि बाकी पातळ, ही चाल जुनी आहे. मधले तीन ओढून काढा. नावाजलेल्या कंपन्यांच्या पत्र्याच्या मागच्या बाजूला नाव, जाडी आणि मुलाम्याचं माप ओळीने छापलेलं असतं. ते दुकानाच्या बिलाशी ताडून पाहा. मुलामा किनाऱ्यावर फार महत्त्वाचा, कारण खारं वारं आधी तोच खातं. झिंक-अ‍ॅल्युमिनियमचा चौरस मीटरला १५० ग्रॅमचा मुलामा ‘एझेड १५०’ म्हणून ओळखला जातो. ७० ग्रॅमचा स्वस्त असतो, पण समुद्राजवळ घेऊ नये. वादळानंतर उडालेले पत्रे गोळा करून, भोकं सिलिकॉनने बुजवून, वरून रंग मारूनही विकले जातात. पत्रा उजेडासमोर आडवा धरला की बुजवलेलं भोक लगेच दिसतं.

पाइपातही हाच प्रकार. ४० बाय ४० चा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप मीटरला जवळजवळ २.४ किलो भरतो, म्हणजे वीस फुटी नग साडेचौदा किलो. दीड मिलिमीटरचा तोच नग ११ किलो. कोटेशनवर ‘एमएस पाइप’ एवढंच असेल तर त्याला काही अर्थ नाही. माप, जाडी आणि नगांचं एकूण वजन लिहून घ्या. पाइपाचं तोंड उघडं असतानाच जाडी तपासा. टोपी वेल्ड केल्यावर आतलं कोणाला दिसत नाही.

पण छप्पर उडतं ते पत्रा पातळ म्हणून क्वचितच. ते जोडातून सुटतं. वारा छपराला खालून ढकलतो आणि वरून ओढतो. ही ओढ वळचणीला, आढ्याशी आणि कोपऱ्यांत सगळ्यात जास्त असते. म्हणून त्या ओळींत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा, मधल्या ओळींत एकाआड एक चालतो. पाच उंचवट्यांचा दहा फुटी पत्रा चार आडव्या पाइपांवर बसला तर कडेच्या दोन ओळींत पाच-पाच आणि मधल्या दोन ओळींत तीन-तीन, असे सोळा स्क्रू झाले. घाईतला फॅब्रिकेटर आठावर भागवतो. हे खालून मोजता येतं. पाइपातून स्क्रूची टोकं बाहेर आलेली असतात.

स्क्रूखालचा काळा रबरी वॉशर थोडासाच दबलेला हवा. मशीनने करकचून आवळला की तो बाजूने फुगून बाहेर येतो, उन्हात फाटतो आणि तिथून गळती सुरू होते. पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका. ठिणग्यांनी कडेचा मुलामा जळतो आणि उडालेला लोखंडाचा चुरा रंगावर रुतून आठवड्याभरात तांबडे ठिपके उमटतात. कात्रीने कापायला सांगा आणि भोकं पाडताना पडलेला कीस त्याच संध्याकाळी झाडून घ्या.

शेवटचा मुद्दा सांगाडा भिंतीला कसा धरलाय याचा. वादळात कित्येक घरांचे पत्रे सांगाड्यासकट उचलले गेले, कारण पाइप भिंतीवर नुसते टेकवून सिमेंटने लिंपलेले होते. जांभ्याच्या चिऱ्यात ठोकलेला फास्टनरही धरत नाही, चिरा भुसभुशीत असतो. भिंतीच्या माथ्यावर सळई घालून काँक्रीटचा पट्टा ओतायचा, त्यात १२ मिलिमीटरचे बोल्ट आधीच सोडायचे आणि त्यांना सांगाड्याच्या पट्ट्या आवळायच्या. दोन कोटेशनांतला तिसऱ्या हिश्श्याचा फरक पुष्कळदा इथेच दडलेला असतो. स्वस्तवाल्याला एकच विचारा, ‘भिंतीला कसं बांधणार?’ आणि उत्तर कागदावर लिहायला लावा.

प्रश्न : आम्ही मुंबईत, घर गुहागरजवळ. ठेकेदार व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो आणि पैसे मागतो. आता म्हणतो, सगळे वासे वाळवीने खाल्लेत, जुनं लाकूड मी घेऊन जातो, नवं घालतो. विश्वास ठेवावा का?

‘सगळे’ या शब्दावर ठेवू नका. वाळवी आणि कुजणं बहुधा वाशाच्या टोकांना लागतं, जिथे तो भिंतीत शिरतो किंवा पागोळीखाली भिजतो. मधलं लाकूड शाबूत असतं. भाऊबंदांपैकी किंवा शेजाऱ्यांपैकी कोणाला तरी खडू आणि पेचकस घेऊन वर चढायला सांगा. प्रत्येक वाशावर नंबर घालायचा, दोन्ही टोकांना आणि मध्ये पेचकस रोवायचा. अर्धा इंच सहज आत गेला तर तो वासा बाद. टोक गेलं असेल तर तेवढंच कापून जोड देता येतो.

जुनं लाकूड हे तुमच्या घरातलं सोनं आहे. पन्नास-साठ वर्षांचा साग किंवा फणस आज त्या दर्जाचा मिळणं कठीण, आणि ठेकेदार ‘नेऊन टाकतो’ म्हणतो तेव्हा त्याला ते पक्कं माहीत असतं. करारात लिहा : ‘उतरवलेलं सर्व लाकूड, कौलं व लोखंड घरमालकाचं, नंबर घालून पडवीत रचून ठेवायचं.’

फोटो जुने असू शकतात, दुसऱ्याच्या घराचेही. फोटोऐवजी व्हिडिओ कॉल लावा आणि तो अंगणातून सुरू करून घर ओळखू येईल असा आत न्यायला सांगा. पैसे टप्प्याने द्या. माल तुमच्या बिलावर घेतला असेल तर उरते ती मजुरीच. माणसं कामावर हजर झाल्याच्या दिवशी १५ टक्के, लाकूडकाम पुरं झाल्यावर ४०, कौलं चढल्यावर २५. शेवटचे २० टक्के पहिला मोठा पाऊस पडून गेल्यावर किंवा आढ्यावरून तासभर पाइपाने पाणी सोडून पाहिल्यावर द्या. कोन्यांच्या जोडातून आणि भिंतीलगतच्या पन्हाळीतून गळतं का, ते तेव्हाच कळतं. वळचणीच्या दोन ओळींची कौलं तारेने बांधायची, हेही कामात लिहून घ्या. मंगलोरी कौलाच्या पोटाला तार ओवायला भोक असतं, पण मिस्त्री ते वापरत नाहीत.

स्टॅम्पपेपरसाठी अडून बसू नका. साध्या कागदावर काम, माप, मालाचा प्रकार, टप्पे, तारीख आणि दोघांच्या सह्या असल्या तरी ते पुढे कामी येतं.

प्रश्न : एक जण म्हणतो, ‘पंचनाम्यात घर पूर्ण पडलं असं लिहून घेतो, मिळेल त्याचे दहा टक्के माझे. विम्याचं बिलही मोठं करून देतो.’ (अलिबाग)

दोन्हीला स्पष्ट नाही म्हणा. पंचनामा तलाठी, ग्रामसेवक करतात, त्याला एक पैसाही लागत नाही. मदत थेट बँक खात्यात जमा होते. त्यासाठी आधार आणि पासबुकाची प्रत पुरते, ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १,२०,००० रुपये आणि डोंगराळ भागात १,३०,००० ठरवले गेले. निदान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्याला ४,०००. राज्य सरकार कधी कधी यात स्वतःची भर घालतं. ही रक्कम छपराला पुरणार नाही हे खरं, पण खोटा पंचनामा उघडा पडला तर हक्काची मदतही हातची जाते.

विम्याचंही तसंच. फुगवलेलं बिल सापडलं तर कंपनी सगळाच दावा नाकारू शकते. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे, तिच्यात वादळाचं नुकसान येतं. कर्ज काढून घर बांधलं असेल तर बँकेत विचारा, पुष्कळांचा विमा असतो आणि त्यांना ठाऊक नसतं. सर्व्हेअरची फी विमा कंपनी देते. तो तुमच्याकडे पैसे मागत असेल तर कंपनीला लेखी कळवा.

प्रश्न : आंगणातला फणस घरावर कलंडलाय. ‘फुकट काढून नेतो, लाकूड आमचं,’ अशी ऑफर आहे. घ्यावी? (कुडाळ)

आधी लाकूड मोजा. खोडाचा घेर मधोमध दोरीने घ्या, त्याचा चौथा भाग काढा, त्याला त्यानेच गुणा आणि लांबीने गुणा. घेर ५ फूट आणि सरळ खोड १२ फूट असेल तर १.२५ गुणिले १.२५ गुणिले १२, म्हणजे पावणेएकोणीस घनफूट. गावातल्या गिरणीवर फणसाचा घनफुटाचा भाव विचारा. तोडणीची मजुरी त्यातून वजा केली तरी बहुधा तुमच्याच हातात पैसे उरतील. शिवाय छपराला लागणारे वासे त्याच खोडातून निघू शकतात, फक्त ओलं लाकूड लगेच चढवू नका, वाळताना पीळ धरतं.

फणस, आंबा, साग ही झाडं महाराष्ट्रात तोडणीच्या कायद्याखाली येतात. पडलेलं असलं तरी फोटो काढा, पंचनाम्यात नोंद करून घ्या आणि लाकूड गावाबाहेर नेण्याआधी वनखात्याच्या कार्यालयात विचारा. फुकटवाल्याने ते परस्पर नेलं तर चौकशी तुमच्या दारी येते.

आणि तो छप्पर वाचवून झाड उतरवणार आहे का? दोरखंड, चेनपुली असेल तर ठीक. नुसती कुऱ्हाड आणि करवत घेऊन आला, तर वरचं ओझं एकदम सुटून उरलेली भिंतही जाईल.

प्रश्न : निम्मं काम करून ठेकेदाराने फोन बंद केलाय. ७० टक्के पैसे गेले. बिलावर जीएसटी लावलाय. आता काय? (रोहा)

त्या बिलावरचा १५ आकडी-अक्षरी जीएसटी नंबर सरकारी संकेतस्थळावर घालून पाहा. महाराष्ट्रातला नंबर २७ने, गोव्यातला ३०ने सुरू होतो. पुढच्या दहा जागांत पॅन असतो, नोंदणीवरचं नाव-पत्ता त्या संकेतस्थळावर दिसतो. लहान मिस्त्रीला जीएसटी नंबर नसणं हा गुन्हा नाही. पण नंबर नसताना कर लावला असेल तर ती सरळ फसवणूक आहे आणि तुमच्या तक्रारीतला पक्का मुद्दाही.

झालेल्या कामाचं मोजमाप आणि फोटो दोन साक्षीदारांसमोर घ्या. दुसऱ्या माणसाला काम देण्याआधीच हे करा, नंतर कोणी काय केलं हे सिद्ध होत नाही. मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा : किती पैसे दिले, किती काम झालं, १५ दिवसांत पुरं करा किंवा इतके परत करा. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

उत्तर नाही आलं तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दाखल करता येते. मुंबईकर घरमालकालाही त्यासाठी कोकणात खेपा घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. नाव, पत्ता किंवा नंबरच खोटा निघाला तर पोलिसांतही जा. तिथे ‘काम अर्धवट टाकलं’ एवढंच सांगितलं तर ‘हा दिवाणी वाद’ म्हणून परत पाठवतात. खोट्या नावाने पैसे घेतले हे आधी सांगा, कागद पुढे ठेवा आणि भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लिहायला सांगा. पैसे ऑनलाइन जाऊन काही तासच झाले असतील तर सगळ्यात आधी १९३० फिरवा, रक्कम त्या खात्यातच अडवता येण्याची शक्यता तेव्हाच असते.